'रन'च्या मागे पळू नकोस

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. साहेब 'रन इट पास्ट मी' म्हणाला आणि तू ड्रॉइंग हातात घेऊन नुसता बघत राहिलास, हे वाचून घरात सगळे हसले. अरे, 'पुढे पाठवण्याआधी मला एकदा दाखव' इतकंच म्हणायचं होतं त्याला.

डिक्शनरी उघडून तू हबकलास, त्यात नवल नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ आहेत! पीटर गिलिव्हर हे संपादक एकट्या या शब्दावर नऊ महिने बसले होते. 1989च्या आवृत्तीत पहिला नंबर 'सेट'चा होता, 430 अर्थांचा. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. यंत्रांचा त्यात मोठा हात. इंजिनापासून कॉम्प्युटरच्या प्रोग्रामपर्यंत सगळंच 'रन' व्हायला लागलं ना.

पण तू पाठांतराच्या नादी लागू नकोस. शब्दाच्या मागेपुढे कोण आहे ते बघ. नळ, नाक, नदी यांचं 'रन' म्हणजे वाहणं. धुण्यात लाल कपड्याचा रंग 'रन' झाला, तर तोही वाहिलाच, तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. दुकान 'रन' करणं म्हणजे चालवणं. निवडणुकीला मात्र अमेरिकन माणूस 'रन' करतो आणि तुझा इंग्रज 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखा उभा राहतो!

खरी गोम शेपटात आहे. आपल्याला रनआउट माहीत तो क्रिकेटमधला. तिकडे घरातलं दूध संपलं की 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. आणि 'ऑफ'च्या जागी 'ऑन' आला, 'ही रॅन आउट ऑन हिज वाइफ', की गडी बायकोला टाकून पळाला. तेव्हा दुधाचं सांगताना जपून! 'रन इनटू'चंही तेच. मित्राशी झालं तर अवचित गाठ, गाडीचं भिंतीशी झालं तर विम्याचे कागद.

आणि इंग्रजांना नावं ठेवण्याआधी आपलं 'लागणे' आठव. भूक लागते, नोकरी लागते, दूध तळाला लागतं, घाटात गाडी लागते. एवढं त्या साहेबाला समजावून दाखव, मग बोलू.

यापुढे काही अडलं तर सुटा शब्द पाठवू नकोस. तो बोलला ते अख्खं वाक्य उतरवून पाठव, आणि तेव्हा काय चाललं होतं तेही लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू