गच्ची सगळ्यांची, मग तिच्यावरची वीजही सगळ्यांच्या घरात येऊ द्या

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

मुंबईच्या उपनगरातल्या सात मजली, 28 बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी सचिव. गच्चीवर सोलर बसवायचं आमचं ठरलं आहे. किती बसवायचं, तिथे घोडं पेंड खातंय. तो पेच आपण सोडवू शकता, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. स्वतंत्र घराला 3 किलोवॅटसाठी 78 हजार रुपये अनुदान. गावी माझ्या धाकट्या भावाने लगेच बसवून घेतलं. छप्पर त्याचं, मीटरही त्याच्याच नावावर. मुंबईत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नसतं, पाचव्या मजल्याची लादी असते. सोसायट्यांसाठी योजनेत सामायिक वापरापुरतं किलोवॅटमागे 18 हजारांचं अनुदान आहे. त्याबद्दल मनापासून आभार. अडचण त्या ‘सामायिक वापरापुरतं’ या शब्दांत आहे.

पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वगळून आमच्याकडे साधारण दीड हजार चौरस फूट उन्हाची जागा उरते. किलोवॅटला शंभर फूट धरले तर 15 किलोवॅट बसतात. पावसाळ्यात उत्पादन पडतं, तरी वर्षाची सरासरी काढली तर किलोवॅटमागे रोज चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 1,800 युनिट. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून आमचा सामायिक वापर 900. उरलेल्या 900 युनिटांचं काय करायचं? वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा भाव आमच्या घरच्या दराच्या जवळपासही नाही. म्हणून हिशेबी माणूस सांगेल, आठच किलोवॅट बसवा आणि अर्धी गच्ची उन्हात तापू द्या.

तीच 900 युनिटं 28 घरांत वाटली तर प्रत्येक घराच्या बिलातून महिन्याला 32 युनिटं कमी होतील. आकडा लहान वाटेल, पण ती सर्वांत महाग स्लॅबमधली युनिटं असतात. मे महिन्यात 320 युनिट वापरणारं घर 288 वर येतं, म्हणजे तीनशेच्या वरचा चढा दर त्याला लागतच नाही. आमच्याकडे पेन्शनवर जगणारी सहा घरं आहेत. उन्हाळ्याचं बिल आलं की ती पंखासुद्धा जपून लावतात, हे मी रोज पाहतो.

यावरचा उपाय नवा नाही. एका प्लांटची वीज ठरलेल्या वाट्याने अनेक मीटरांवर वजा करायची, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्येच त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा मात्र खिडकीवर उत्तर मिळालं, एक प्लांट, एक मीटर. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण अशा चार वितरकांची वीज आहे. सगळ्यांना एकच अर्ज, एकच मुदत आणि सोसायटीच्या एका ठरावावर वाटणी, एवढं आपल्या खात्याने घडवून आणावं. केंद्राच्या 2024 च्या नियमांनी 10 किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायला सांगितलं आहे. तोच मोकळेपणा सोसायट्यांच्या अर्जांनाही हवा.

दुसरी विनंती बॅटरीची. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. सहाव्या मजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. त्यांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी जिन्याने खाली आणलं. त्या दिवशी गच्चीवर पॅनल असते तरी उपयोग झाला नसता. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून साधा ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारं यंत्र) वीज गेली की आपोआप बंद पडतो, आणि ते योग्यच आहे. पण सोबत बॅटरी आणि ग्रिडशिवायही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर इमारत ग्रिडपासून अलग होऊन लिफ्ट आणि पंप चालवू शकते. रोजच्या दिवसांतही दुपारची वीज संध्याकाळच्या महागड्या तासांत वापरता येते.

आज अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीचा खर्च मात्र आमच्याच माथी. सप्टेंबर 2025 मध्ये सोलर साहित्याचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, लिथियम बॅटरीचा 18 टक्केच राहिला. जीएसटी परिषदेत राज्याने हा विषय मांडावा. शिवाय जिन्याखाली बॅटरी ठेवायची की नाही, ठेवली तर भिंत कशी आणि हवा कशी, हे अग्निशमन दलाने एका पानावर लिहून द्यावं. सभेत आगीची भीती निघाली की ठराव तिथेच मोडतो. ती भीती खोटी म्हणून झटकता येत नाही, आणि तिला द्यायला आमच्यापाशी कागद नाही.

आमची सर्वसाधारण सभा पावसाळ्यानंतर आहे. 8 किलोवॅट की 15, हा ठराव तोवर राखून ठेवला आहे. आपल्या खात्याचं उत्तर सभेत वाचून दाखवीन.

आपला नम्र,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, मुंबई