पणजीचं माहेर कुठलं?

प्रिय आई-बाबा,

शालोम. अलिबागकडे जाऊन आले. नवगावला थांबले, आपल्या बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, पूर्वजांचं गलबत फुटलं आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं असं लहानपणापासून ऐकलेलं ना. पण हाताला काही लागलं ते पुढे, आपल्या गावच्या कब्रस्तानात.

बाबा, तुमच्या आजोबांची कबर मिळाली! वर हिब्रू, खाली बाळबोध मराठी, आणि सगळ्यावर शेवाळ. दगड खरवडला नाही. बाटलीतलं पाणी ओतलं, मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला, तशी अक्षरं उठून दिसली: 'हसाजी'. कागदोपत्री एझिकेल आहेत ते हेच, गावही जुळतंय. शेजारी पणजी. तिच्या दगडावर तिचं नाव, पुढे 'हसाजी यांची पत्नी'. माहेरचा पत्ता नाही.

तेव्हापासून बाबांची आत्या डोक्यात घोळतेय. 1962 साली तिचं लग्न तिकडे इस्राएलमध्ये अडलं होतं ना? तेव्हा तिथल्या रब्बीसंस्थेने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मुख्य संस्थेने, हुकूमच काढला होता, बेने इस्राएली लग्न नोंदवायला आले की त्यांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासा. आईकडच्या! इथे दगडावरसुद्धा बाईचं माहेर लिहीत नाहीत, तिने पुरावा कुठून आणायचा? लोक रस्त्यावर उतरले, 1964 साली क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, मग तो हुकूम बदलला. आपली माणसं हे 'झालं गेलं' म्हणून सोडून देतात. मला नाही सोडवत.

आता दोन कामं. बाबा, दादाला जेरुसलेमच्या झायनिस्ट दफ्तरखान्यात विचारायला सांगा. आलियाच्या, म्हणजे इस्राएलला स्थायिक व्हायला गेलेल्यांच्या, याद्यांमध्ये आत्याचं नाव सापडतं का बघू दे. हिब्रूत आपली आडनावं कशीही लिहिलेली असतात, म्हणून त्याने वडिलांच्या नावावरूनही शोधावं.

आई, तुझ्या आजीचं माहेर पेणकर की रोहेकर? तू एक सांगतेस, मावशी दुसरं. पणजीबद्दल सासूबाईंकडून काही ऐकलं असशील तर तेही सांग. मलिद्याच्या विधीला कोण कोण बायका यायच्या, कोण कुणाला काय हाक मारायचं, आठवेल तसं बोल, मी लिहून घेते. शनिवारी रात्री फोन करते. मात्र गुडघ्याचं नंतर, आधी पणजी.

तुमची,
छोटी