तिसऱ्या मिनिटाची थरथर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, जान जुआंगमध्ये, म्हणजे त्या स्थिर उभं राहण्याच्या चिनी सरावात, तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या की दात आवळून उभं राहायचं का? नाही गं. दात आवळलेस की जबडा, मान, खांदे सगळं ताठतं आणि श्वास छातीत अडकतो. जान जुआंगचा अर्थच खांबासारखं उभं राहणं, पण यातली शिस्त सोसण्याची नाही. कुठे आवळलं गेलंय ते ओळखायचं आणि तेवढंच सोडायचं. चिनी गुरू याला ‘सुंग’ म्हणतात. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं कसं असतं? वर धरलेलं, खाली मोकळं. तसं.

पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, पावलं समांतर. गुडघे जेमतेम वाकलेले, उंच स्टुलाच्या कडेवर जेमतेम बसल्यासारखं. थकल्यावर ते आत वळतात आणि भार मांडीवरून सांध्यावर जातो. म्हणून गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेव. मांडीतली थरथर चालेल, गुडघ्यातली कळ मुळीच नाही. कळ आली की लगेच थोडी वर ऊठ. पण गुडघे मागे ताणून ताठही करू नकोस, भोवळ येऊ शकते. हात झाडाला मिठी मारल्यासारखे छातीसमोर, कोपरं मनगटांपेक्षा खाली, काखेत अंडं मावेल एवढी जागा. खांदे वर चढले तर हात बेंबीपर्यंत उतरव.

श्वास नाकानं. सोडताना मोज, एक ते दहा, मग पुन्हा एक. ही मोजणी बौद्ध ध्यानातली. चौदावर सापडलीस तर मन गेलं होतं एवढंच; बोल न लावता एकपासून सुरू कर. दाओ परंपरेत लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर, दानतिएनमध्ये ठेवतात. दोन्ही एकदम नको, हा महिना फक्त मोजणी.

नाक खाजेल, घड्याळ बघावंसं वाटेल. ‘बघू का’ आणि मान वळणं यांच्यामध्ये एक बारीकसा क्षण असतो. सगळा खटाटोप तो दिसावा म्हणून आहे. तो दिसायला लागला की अभ्यासातून फोनकडे निघालेला हातही वाटेतच दिसतो.

गजर लाव आणि घड्याळाकडे पाठ कर. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, मग दर आठवड्याला एक मिनिट वाढव. गजराआधी थांबायचं नाही, आणि छान वाटतंय म्हणून पुढेही जायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड. जेवणानंतर तासभर जाऊ दे.

शाओलिनच्या व्हिडिओंमधली खोल घोडामुद्रा, मांड्या जमिनीला समांतर, ती वेगळी; तिची घाई नको. ‘नुसतं उभं राहून काय शिकणार’ असंही मनात आणू नकोस. चिनी युद्धकलेचे गुरू वांग शियांगजाई (१८८५–१९६३) यांनी ठरावीक हालचालींचे संच बाजूला ठेवून याच उभं राहण्याला आपल्या युद्धकलेचा पाया केलं.

गजर झाला की लगेच फोन उचलू नकोस. हात सावकाश खाली, तळवे बेंबीखाली, तीन श्वास, मग गुडघे सरळ आणि खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या. एकदा मैत्रिणीला समोर बसवून शेवटच्या मिनिटाला तुझे गुडघे बघायला सांग. आत वळतायत का ते मला रविवारी कळव.

तुझी,
आई