प्रयोगशाळा बंद होती त्याचे कारण

अथेन्स, 20 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, हे सर्वांत आधी लिहिते, कारण बाबांनी पाठवलेल्या त्या बातमीनंतर बाकीच्या मजकुरात तुमचे लक्ष लागणार नाही. 31 ऑक्टोबरला अम्पेलोकिपी भागातल्या एका सदनिकेत स्फोट झाला, त्यात एक जण ठार आणि एक स्त्री जखमी झाली, आणि बॉम्ब हाताळतानाच तो फुटला असे पोलिसांचे म्हणणे आहे, हे सगळे खरे आहे. तो भाग झोग्राफूतल्या आमच्या विद्यापीठाच्या आवारापासून फार लांब नाही, हेही खरे. पण ती राहत्या इमारतीतली सदनिका होती, विद्यापीठातली खोली नव्हे, आणि स्फोट व विद्यापीठ या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणाऱ्या वाहिनीवर तुम्ही इतका विश्वास ठेवू नये, एवढीच विनंती.

आईने रविवारी फोनवर विचारले तेव्हा मी घरीच असल्याचे सांगितले, ते मात्र खरे नव्हते. त्या दिवशी 17 नोव्हेंबर होता. 1967 ते 1974 या काळात इथे लष्करशहांची राजवट होती. 1973 च्या नोव्हेंबरात पॉलिटेक्निकच्या, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या, मुलांनी जुन्या इमारतीत ठाण मांडले, आतल्या आत एक रेडिओ केंद्र उभारले आणि शहराला हाका मारल्या. 17 तारखेच्या पहाटे रणगाड्याने फाटक पाडले. त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांपैकी 24 जणांची नावे संशोधकांनी निश्चित केली आहेत. ते चेपलेले फाटक अजून आवारात ठेवलेले आहे. लोक तिथे फुले वाहतात, आणि मग त्या वेळचा रक्ताचे डाग पडलेला झेंडा पुढे घेऊन अमेरिकेच्या वकिलातीपर्यंत मोर्चा जातो, कारण अमेरिकेने त्या लष्करशहांना पाठीशी घातले हे इथे कोणी विसरलेले नाही. मी अर्ध्या वाटेपर्यंत चालले आणि अंधार पडायच्या आत घरी परतले.

याच तारखेचे नाव घेऊन पुढे एक दहशतवादी संघटना निघाली. 1975 मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याच्या इथल्या प्रमुखाला मारून तिने सुरुवात केली आणि 2002 मध्ये पकडली जाईपर्यंत 23 जणांचे जीव घेतले. नि:शस्त्र मुले रणगाड्यासमोर उभी राहिली ती तारीख खुनाच्या पत्रकाखाली सही म्हणून वापरली गेली, याचा मला अजून संताप येतो.

आता तुम्हाला मुळीच न पटणारी गोष्ट सांगते. इथे तिला कातालिप्सी म्हणतात. मुले विद्यापीठ बंद पाडतात, पण ते मतदान घेऊन! विद्यार्थी संघटना पक्षांच्याच असतात आणि ते कोणी लपवत नाही: न्यू डेमोक्रसीची दाप, समाजवाद्यांची पास्प, कम्युनिस्टांच्या बाजूची पानस्पुदास्तिकी. व्हरांड्यात प्रत्येकीचे टेबल मांडलेले असते, आणि नव्या मुलाला नोट्स कुठे मिळतात, अर्ज कसा भरायचा, हे कार्यालयापेक्षा त्या टेबलांवर लवकर कळते. वसंतात निवडणुका होतात, तेव्हा निकालही प्रत्येक संघटना आपापला जाहीर करते, त्यामुळे एकाच निवडणुकीत दोन-दोन विजेते निघतात. बंद पाळायचा झाला की सर्वसाधारण सभा भरते. प्रत्येक गट आपला मसुदा मांडतो, त्यावर तासन्‌तास भाषणे चालतात, गणपूर्ती झाली की नाही यावर भांडण होते, मग मुले ओळखपत्रे वर धरतात, ती मोजली जातात आणि मोजणीवर पुन्हा भांडण होते. ठराव झाला की दाराला साखळी, साखळीमागे बाकांचा ढीग. आठवड्याने पुन्हा सभा आणि पुन्हा मोजणी. माझ्या मार्गदर्शक बाई अशा वेळी बाहेरच्या पायरीवर बसून शांतपणे प्रबंध तपासतात. त्याही एके काळी साखळीच्या आतल्या बाजूला होत्या.

गेल्या जानेवारीपासून मार्चपर्यंत देशभर हेच चालले होते. इथल्या घटनेच्या 16 व्या कलमाप्रमाणे विद्यापीठे सार्वजनिक असायची आणि शिक्षण मोफत. सरकारने परदेशी विद्यापीठांच्या खासगी शाखांना वाट करून देणारा कायदा आणला आणि मार्चमध्ये तो मंजूरही झाला. तेव्हा मी तुम्हाला, प्रयोगासाठी भूकंपासारखे धक्के देणारा आमचा मंच बिघडला आहे असे लिहिले होते. मंच उत्तम होता. प्रयोगशाळेच्या दाराला पाच आठवडे साखळी होती, आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या सभेत बंदच्या बाजूने ज्यांची ओळखपत्रे मोजली गेली त्यांत माझेही होते. एक युरो शुल्क न भरता मी इथे पीएच.डी. करते आहे, त्या दिवशी हात खाली ठेवणे मला जमले नाही.

बाबा, तुमचे म्हणणे मला पाठ आहे. तुमच्या वेळच्या कॉलेज निवडणुकीत तुमच्या मित्राच्या पाठीवर सायकलची साखळी उतरली होती, आणि पुढे 1994 च्या कायद्याने आपल्याकडच्या थेट निवडणुका थांबल्या तेव्हा तुम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला होता. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. 2020 मध्ये इथल्या अर्थशास्त्र विद्यापीठात तोंड झाकलेले टोळके कुलगुरूंच्या कार्यालयात घुसले आणि त्यांच्या गळ्यात पाटी अडकवून त्यांचा फोटो काढला. 5 मे 2010 च्या मोर्चात कोणी तरी बँकेत पेट्रोल बॉम्ब टाकले. आत काम करणारे तिघे दगावले, त्यांतली एक गरोदर होती. पण माझ्या पाहण्यात तरी तोंड झाकणारे लोक मोजणीपर्यंत थांबत नाहीत. हरण्याची तयारी असलेला माणूसच मोजून घेतो. पोलिसांनी आवारात येऊ नये असा कायदा 1982 मध्ये झाला, तो 2011 मध्ये गेला, 2017 मध्ये परतला आणि 2019 मध्ये पुन्हा गेला. 2021 मध्ये तर विद्यापीठांसाठी 1,030 जणांचे वेगळे पोलीस दल ठरले. यांतले काय बरोबर होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या सभेतही सगळे सोज्वळ नव्हते. विरोधात बोलायला उठलेल्या एका मुलीला हुर्यो करून खाली बसवले गेले, आणि मी तिच्या शेजारी बसले असूनही गप्प राहिले. ते मला साखळीपेक्षा जास्त खुपते.

आता मुख्य गोष्ट, जी मी शेवटापर्यंत ढकलत आणली. त्या पाच आठवड्यांत मंचावरची माझी पाळी गेली, त्यामुळे काम लांबले आणि सप्टेंबरात शिष्यवृत्ती संपली. नवी पाळी नेमकी दादाच्या लग्नाच्या आठवड्यात मिळाली आहे आणि ती सोडली तर थेट एप्रिल उजाडेल. मला लग्नाला येता येणार नाही. तिकिटासाठी बाजूला ठेवलेले 600 युरो कालच बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत, ते लग्नात वापरावेत. दरमहाचे पैसे मात्र डिसेंबर आणि जानेवारीत येणार नाहीत. मी शिकवण्या घेते आहे, अडचण नाही, काळजी करू नये.

आत्याने सुचवलेल्या स्थळाकडच्यांनी माझ्या विद्यापीठाचे नाव शोधून आगीचे फोटो पाहिले, असे आई म्हणाली. त्यांना सांगावे की मुलगी तिथेच शिकते आणि मोर्च्यातही जाते. त्यावर नकार आला तर आत्याची समजूत मी काढीन.

हे पत्र दादाला इतक्यात दाखवू नका. त्याला अजून मंच बिघडल्याचीच गोष्ट ठाऊक आहे. येत्या रविवारी मी त्याला स्वतः फोन करणार आहे. तोपर्यंत त्याने विचारले तर मी कामात आहे एवढेच सांगा.

तुमची,
मनू