आधी बघितलंत, मग मोजलंत

ताई,

स. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघराचं काम संपलं, हिशोब चुकता झाला, तेव्हा दारात उभी राहून मी घाईघाईत ‘थँक्यू हं’ एवढंच म्हणाले. तेवढ्यावर भागणार नाही, हे तेव्हाही कळत होतं. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. जुनं स्वयंपाकघर नव्यानं करायला निघालेल्या एखाद्या घरात ते वाचलं जावं, असं मला फार वाटतं.

तुमच्याआधी दोघे येऊन गेले होते. दोघांनीही आल्या आल्या टेप काढली, भिंती मोजल्या आणि लॅमिनेटच्या रंगांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. तुम्ही आलात ते सकाळी, ऐन कामाच्या वेळी. कोपऱ्यात स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, “तुमचं चालू द्या.” आई आणि मी दीड तास आमच्या नेहमीच्या धांदलीत होतो, तुम्ही वहीत रेघा मारत होतात. शेवटी वही पुढे केलीत. मी फ्रिजपर्यंत 19 वेळा गेले होते. त्यातल्या 7 वेळा आईला हातातलं काम थांबवून सरकावं लागलं होतं, कारण स्वयंपाकघराचं आत उघडणारं दार थेट तिच्या पाठीवर यायचं. इतकी वर्षं आम्ही ‘जागाच अपुरी’ म्हणत होतो. जागा पुरेशी होती, ती दारानं अडवली होती.

मग तुम्ही तो त्रिकोण काढून दाखवलात: सिंक, शेगडी, फ्रिज. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1940च्या दशकात यावर अभ्यास झाला होता, हे मला तुमच्याकडून कळलं. त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण 4 ते 9 फूट आणि तिन्हींची बेरीज 13 ते 26 फुटांत असावी, असं ते गणित. आमचा फ्रिज बाहेर पॅसेजमध्ये. बेरीज आली 32 फूट. ऐकून आई खाली बसलीच. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वयाचं आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

मला मात्र भिंत पाडायची होती. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली एक करायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आधीच्या एकानं तर ‘एका दिवसात पाडू’ असं सांगितलंही होतं. तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या भिंतीला हात लावणार नाही म्हणालात, तेव्हा मी चिडले होते. भिंतीवर वरच्या छताचा भार आहे, असं इंजिनिअरनी सांगितलं. तुमचा एक शब्दही मला टोचणारा नव्हता. तुम्ही फक्त दार काढून सरकतं बसवायचं सुचवलंत आणि दाराआडच्या, कधीच वापरात नसलेल्या कोपऱ्यात फ्रिज आणलात. आता तिन्ही बाजूंची बेरीज साडेसोळा फूट आहे.

सिंक तुम्ही जागचं हलवलं नाहीत, याचं मोल मला नंतर कळलं. सांडपाण्याच्या नळाला दर फुटामागे पाव इंच उतार लागतो. सिंक समोरच्या भिंतीला, दहा फूट लांब नेलं असतं, तर अडीच इंचांचा उतार काढण्यासाठी सगळी जमीन फोडावी किंवा उचलावी लागली असती. फ्रिजला काय, एक प्लग पुरतो. जे हलवायला सोपं ते हलवायचं, हे इतकं सरळ आहे, तरी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण ताई, माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती मासिकांची दुपार. आईची उंची चार फूट दहा इंच, माझी साडेपाच फूट. जुना ओटा तिला उंच आणि मला ठेंगणा. तयार कपाटांवरचा ओटा बऱ्याच ठिकाणी 36 इंचांचा येतो. तो कॅटलॉगमधला आकडा तुम्ही बाजूलाच ठेवलात. टेबलावर जुन्या मासिकांचा गठ्ठा रचलात, वर चिरायचा पाट ठेवलात आणि आईला सुरी दिलीत. तिचे खांदे कानांकडे उचललेले. तुम्ही खालून एक मासिक काढलंत, मग आणखी एक. आई चिरत होती, तुम्ही फक्त तिच्या खांद्यांकडे बघत होतात. पाचवं की सहावं मासिक निघालं आणि तिचे खांदे आपसूक खाली आले. आईनंच मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. ओटा कोपरापासून चार-पाच इंच खाली हवा. तिच्यासाठी 31 इंच, माझ्यासाठी 35. म्हणून आमचा ओटा एका टोकाला पायरीसारखा उतरतो. बघणारे विचारतात, ‘असा का?’ मला ते सांगायला आवडतं. सिंक मात्र उंच भागात ठेवलंत, कारण भांडी घासताना हात काठावर नसतात, तळाशी असतात.

त्याच दुपारी तुम्ही मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंबद्दल बोललात. 1926 साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं, बाईची पावलं आणि वेळ वाचावा म्हणून. आई शांतपणे ऐकत होती. आपल्या थकव्याचा विचार कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी नकाशावर केला होता, हे तिच्या मनाला फार भिडलं. त्या रात्री तिनं मला ते पुन्हा सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच.

खालच्या कपाटांच्या जागी पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या, ओट्याखाली पायांची बोटं जातील अशी तीन इंचांची खाच, हे सगळं चोख झालं. दिव्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. आधीचा दिवा छताच्या मध्यभागी होता, म्हणजे कायम आमच्या पाठीशी. आपल्याच सावलीत आम्ही सुरी चालवत होतो. वरच्या कपाटांखाली, अगदी पुढच्या कडेला तुम्ही पट्टीचे दिवे लावलेत. आईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, नंबर वाढलाय.”

एक गोष्ट तुम्ही कदाचित लिहू नको म्हणाल. फ्रिजचा प्लग त्याच्या बरोबर मागे आला होता, बटण बंद करायला फ्रिज ओढावा लागला असता. आमच्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत, “ही चूक माझी,” आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊन आलात, बटण बाजूच्या भिंतीवर हाताच्या उंचीला आणलंत. टाइल बदलायचा खर्चही आमच्याकडून घेतला नाहीत.

मासिकं आईनं रद्दीत द्यायची नाहीत म्हणून बजावलंय. काल संध्याकाळी मी आत गेले तर ती 31 इंचांच्या ओट्याशी उभी होती, दिवा लावून, गुणगुणत. सकाळपासून एकदाही बसली नव्हती. मी फ्रिज उघडला, तिला सरकावं लागलं नाही.

तुमची,
एक आभारी मुलगी