चांदीची तार आणि अनारशाची जाळी

टॅलाहॅसी, फ्लोरिडा

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोनवर आईनं विचारलं, "तू तिथं भाजतेस तरी काय?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली नि उत्तर राहिलं. हे पत्र पुण्याच्या आत्यालाही वाचून दाखवा. सिरॅमिक म्हटल्यापासून तिला वाटतंय, मी कपबशा करते.

मी तार भाजते. चांदीची, जेमतेम मिलिमीटरभर जाड. बाबा, आपल्या सराफ्यात नेली तर शेठ वजनावर घेईल. पण तिच्या पोटात केसाहून बारीक असे शेकडो धागे आहेत. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम नि तांब्याच्या ऑक्साइडची काळी पावडर. अतिथंड केल्यावर त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. चांदीच का, तर तापल्यावर ती ऑक्सिजन आरपार जाऊ देते आणि पावडरशी भांडत नाही.

पावडर 890 अंशांच्या आसपास वितळते, चांदी 962 ला. जपूनच काम. वितळताना कणांमधली पोकळी एकत्र येऊन धाग्यात बुडबुडे होतात. आई, अनारशाला जाळी पडली की तू खूश. इथं पडली की वीज अडते. म्हणून भट्टीत 50 बार दाब ठेवायचा (बाबांच्या गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन असेल). मऊ पडलेली चांदी बाहेरून आवळते नि पोकळी दाबली जाते. याच गावातून 2014 साली 100 बारखाली भाजलेल्या तारांचे निकाल छापून आले होते. दाबातला ऑक्सिजन मात्र एकच बार, बाकी सगळा आर्गॉन. ऑक्सिजन जास्त झाला तर धाग्याचं रसायन बिघडतं, शिवाय दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीसही भडकतं.

मागच्या आठवड्यात मीच घोळ घातला. भट्टीत घालण्याआधी तारेची टोकं चांदी वितळवून बंद करतात. घाईत एक टोक कच्चं राहिलं. वायू आत शिरला, आत-बाहेर दाब सारखा. मग आवळणार कोण? दोन दिवसांची भट्टी फुकट. तार कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर काळ्या धाग्यांत गोल गोल भोकं. हसू आलं, आणि मग एकदम दिवाळीतलं आपलं स्वयंपाकघर दिसलं, तुपाचा वास, खसखस सांडलेली.

यंदा येणं जमत नाही. अनारसे पाठवू नका, वाटेत चुरा होतो. लवंगी शेव पाठवा, कोपऱ्यावरच्या दुकानातलीच.

उद्या पुन्हा टोकं बंद करायची आहेत. चष्मा लावून.

तुमची,
छकुली