वाटण्या झालेलं स्टेशन

लाइपझिग,
रविवार, दुपार

प्रिय नंदू,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली चार मिनिटं पावसाला शिव्या, दोन मिनिटं वहिनीने केलेल्या अळूवड्या, आणि उरलेल्या एका मिनिटात तुझा खरा प्रश्न: "तू सारखं स्टेशनवर काय करत असतोस रे?" याचं उत्तर बोलून द्यायला गेलो तर तुझी लोकल चालवायची ड्युटी सुरू व्हायची. म्हणून लिहितोच.

पहिलं कारण अगदीच घरगुती आहे. इथे रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध आणायला विसरलास की सोमवारपर्यंत कोरा चहा. अपवाद स्टेशनचा. प्रवाशांची सोय म्हणून तिथली खाण्यापिण्याची काही दुकानं रविवारीही उघडी असतात, त्यामुळे माझ्यासारखे सगळे विसरभोळे तिथे पिशव्या घेऊन भेटतात.

गेल्या वर्षी आई आली होती, तेव्हा अशाच एका रविवारी तिला म्हटलं, "मी पाव घेऊन येतो, तू जरा हिंडून ये आणि दहा मिनिटांनी मोठ्या जिन्याखाली थांब." दहाची वीस झाली, पंचवीस झाली, आईचा पत्ता नाही. फोन पर्समध्ये, पर्स पिशवीत, पिशवीवर शाल. शेवटी शोधत निघालो तर स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला ती मोठ्या जिन्याखालीच उभी! तसाच उंच दगडी दरवाजा, तशीच कमान, तसाच जिना. मला म्हणते, "मी सांगितल्या जागी आहे. तूच कुठे होतास?"

चूक माझीच. या स्टेशनला सगळं दोन-दोन आहे, हे तिला सांगायचं राहिलं होतं. आणि ते का, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण मध्य आणि पश्चिम हा प्रकार तू जन्मभर दादरला बघत आलायस.

लाइपझिग हे जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातलं शहर, पण शेजारच्या प्रशिया राज्याची हद्द तेव्हा इथून हाकेच्या अंतरावर होती. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य एक झालं, तरी रेल्वे ज्या-त्या राज्याचीच राहिली. बर्लिन, मागडेबुर्ग, हाले आणि थुरिंगियाकडच्या गाड्या प्रशियाच्या, ड्रेस्डेनकडच्या सॅक्सनीच्या. त्याआधी तर खाजगी कंपन्यांचं राज्य होतं आणि प्रत्येकीचं स्टेशन वेगळं. गावात अशी सहा टर्मिनस. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने एका स्टेशनवर उतरायचं, घोडागाडी करायची आणि पुढची गाडी दुसऱ्या स्टेशनवर पकडायची. जत्रेचं गाव हे, शेकडो वर्षं व्यापारी मेळे भरवणारं. त्याला हे कसं परवडणार? मग ठरलं, की सगळ्यांचं मिळून एकच स्टेशन बांधायचं. स्पर्धा झाली, ड्रेस्डेनच्या लोसो आणि क्यूने या वास्तुकारांचा आराखडा निवडला, १९०९ मध्ये पायाभरणी झाली.

एकच स्टेशन, पण मालक दोन. तेव्हा मधून रेघ मारली. पश्चिमेचा अर्धा भाग प्रशियाचा, पूर्वेचा सॅक्सनीचा. १ ते १३ रूळ यांचे, १४ ते २६ त्यांचे. प्रवेशाची दालनं दोन, जिने दोन, तिकिटखिडक्या दोन बाजूंना, कचेऱ्या वेगळ्या. कोणालाही कमीपणा वाटू नये म्हणून दर्शनी बाजू आरशात बघितल्यासारखी सारखी, एकूण २९८ मीटर लांब. हे सगळं आईला घरी येता येता ट्राममध्ये सांगितलं. तिने एका वाक्यात निकाल लावला: "म्हणजे आपल्या वाड्यासारखं. थोरल्यांची पडवी वेगळी, आपली वेगळी, विहीर तेवढी सामाईक."

इथली सामाईक विहीर म्हणजे रुळांच्या टोकाला आडवा पसरलेला सभामंडप. बफरच्या पुढे पाऊल टाकलंस की तू त्यात उभा. डोक्यावर सहा-सात मजल्यांएवढी उंची, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचं माणूस मुंगीएवढं. छप्पर असं आहे की पावसाळी दुपारीही खाली उजेड सांडतो. आपल्या व्हीटीला नक्षी बघावी, माकडं-मोर शोधावेत. इथे तसलं काही नाही. इथला दिमाख सगळा मापात आहे.

शेवटचा दगड बसला तो ४ डिसेंबर १९१५ ला, म्हणजे ऐन महायुद्धात. दोन संसार पुढे एकोणीस वर्षं तसेच चालले. १९३४ मध्ये सगळा कारभार एका रेल्वे विभागाकडे गेला. आपल्या दादरला फलाटांचे नंबर सलग लावायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तेव्हा आपण कोणाला हसायचं? तुम्हा मध्यवाल्यांना आठपासून सुरुवात करावी लागली म्हणून तू किती दिवस कुरकुरत होतास, ते आठवतंय मला!

७ जुलै १९४४ ला अमेरिकन विमानांनी बाँब टाकले. पश्चिमेचं दालन ढासळलं, सभामंडपाचं छत खाली आलं. युद्धानंतर लाइपझिग पूर्व जर्मनीत गेलं. तिथल्या सरकारकडे पैसा नव्हता, पण जत्रेला पश्चिमेकडचे पाहुणे यायचे, त्यांच्यापुढे भग्न स्टेशन कसं दाखवणार? हळूहळू का होईना, जसं होतं तसं पुन्हा बांधलं. त्यात १९६५ साल आलं.

मग १९८९. सोमवारच्या प्रार्थनेनंतर निकोलाई चर्चमधून लोक पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध रस्त्यावर यायचे. ९ ऑक्टोबरला सुमारे सत्तर हजार माणसं निघाली आणि गावाभोवतीच्या रिंगरोडवरून चालत स्टेशनच्या दिशेने आली. हत्यारबंद पोलीस तयारीत होते. सगळ्यांचा श्वास अडकला तो इथेच, स्टेशनच्या अलीकडच्या वळणावर. पोलीस मागे हटले, मोर्चा स्टेशनसमोरून पुढे गेला, एकही गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. आज त्या जागी ट्रामचा थांबा आहे आणि मी तिथे रोज मोबाइल बघत उभा असतो.

भिंत गेली, कारखाने बंद पडले, माणसं पश्चिमेला गेली. एवढ्या अवाढव्य स्टेशनचं करायचं काय? तर सभामंडपाची जमीन फोडली, खाली दोन मजले खणले आणि १९९७ मध्ये तिथे बाजार भरवला. दीडशेच्या आसपास दुकानं. आधी मला याचा राग यायचा. स्टेशन म्हणजे स्टेशन असावं, चपलांचं दुकान नव्हे. पण आता वाटतं, बाजार आला नसता तर हे स्टेशन ओसच पडलं असतं. प्रवाशांच्या गर्दीत हाम्बुर्ग याच्या कितीतरी पुढे आहे. हे नुसतं आकाराने दांडगं. काही रुळांच्या जागी तर छपराखालीच गाड्या पार्क करायचे मजले आहेत.

टर्मिनसचं दुखणं तुला मी काय सांगू! दक्षिणेकडे जायचं तरी गाडी आधी उत्तरेला काढायची आणि गावाला वळसा घालायचा. गावाच्या पोटातून बोगदा काढावा ही कल्पना स्टेशन बांधलं तेव्हापासूनची, तो उघडला २०१३ च्या डिसेंबरात. अंदाज होता सत्तावन्न कोटी युरोंचा, खर्च गेला नव्वद कोटींच्या वर. आता लोकल खालच्या दोन रुळांवरून सरळ आरपार जातात.

या बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बायरिशर बानहोफ आहे, १८४२ चं जुनं टर्मिनस, त्या सहांतलंच एक. त्याची दगडी कमान बोगद्याच्या खोदाईत आड येत होती. पाडली नाही. २००६ मध्ये २,८०० टनांची ती कमान अख्खीच्या अख्खी उचलून तीस मीटर बाजूला सरकवली आणि काम झाल्यावर त्याच वर्षी परत जागेवर आणून ठेवली! शेजारीच गोजे नावाची बिअर गाळतात. आंबटसर, आणि तिच्यात चक्क मीठ आणि धने. पहिल्या घोटाला मला मठ्ठाच आठवला. तुला आवडेल. वहिनीला सांगू नकोस.

तू इथे आलास की एक जागा मात्र मी तुला आधी दाखवणार. चोविसाव्या रुळावर जुनी इंजिनं उभी करून ठेवली आहेत. त्यात ५२ वर्गाचं वाफेचं इंजिन आहे. युद्धात लोखंड वाचवायला साध्यातल्या साध्या घडणीची अशी इंजिनं हजारोंनी काढली होती. पोरं त्याच्या चाकांशी उभी राहून फोटो काढतात, मीही काढला. मग दोन पावलं पुढे गेलो तर त्याच फलाटावर स्मारक दिसलं: नाझींच्या काळात लाइपझिगहून ज्यांना गाड्यांत भरून मरायला पाठवलं, त्यांचं. मोबाइल खिशात घातला. तिथे मला काही बोलता आलं नाही, आणि तुलाही येणार नाही, कारण गाडी कोणीतरी चालवत असतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता तुझ्या प्रवासाचं. फ्रांकफुर्टहून ड्रेस्डेनची गाडी पकड, तीन तासांच्या आसपास लागतात. लाइपझिगला ती उलटी फिरते, चालक या टोकाची केबिन सोडून त्या टोकाला जातो, तू सीएसएमटीला करतोस तेच. त्यामुळे गाडी थांबली की निवांत बसून राहू नकोस, नाहीतर पाठमोरा ड्रेस्डेनला पोचशील. उतरल्यावर बफरकडे चालत ये. सभामंडपात आलास की डावीकडे वळ आणि पार टोकाचा जिना उतर. सॅक्सनीचा जिना, पूर्वेचा. उजवीकडच्या जिन्याखाली उभा राहिलास तर तुला शोधायला आईला मुंबईहून बोलवावं लागेल.

येताना मेतकूट आण. आणि फोन वरच्या खिशात ठेव.

तुझा,
विनू